दारातला छत्रीवाला

व्हॅम्पायरला न बोलावता कुणाच्या घरात पाय टाकता येत नाही, हे मला सौंसरच्या वाटेवर बंद पडलेल्या बसमध्ये कळलं. तोवर माझी समजूत होती की भुताखेतांना दारंबिरं लागत नाहीत. मी पांढुर्ण्याहून सौंसरला रोज जाऊन-येऊन करते. तिथल्या एका दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायची आणि डॉक्टर कधी येणार या प्रश्नाला तेच ते उत्तर द्यायचं, हे माझं काम. बस बंद पडली की लोक ड्रायव्हरभोवती जमून त्याला शहाणपण शिकवतात. मला ते ऐकवत नाही, माझं डोकं लवकर फिरतं. मी खिडकीशी बसून मोबाइल काढला. भुताचे पिक्चर मला लहानपणापासून आवडतात. काळा कोट, लांब सुळे, लाल डोळे असं एक चित्र दिसलं. हिंदीत होतं, फुकटही होतं. घाबरायच्या तयारीनं लावलं आणि थोड्या वेळात इतकी हसले की पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं.

जपानातलं एक लहान गाव. तिथं धुलाई-इस्त्रीचं दुकान चालवणारं एक घर, त्यात आई, बाप आणि एक मुलगी. एका संध्याकाळी त्यांच्या दारात शेकडो वर्षं जगलेला व्हॅम्पायर येतो. त्याला या तिघांचं रक्त प्यायचं आहे, पण घरातल्या कुणी ‘आत या’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. बिचारा रीतीभातीचा आहे. हातात खाऊचा डबा घेऊन उभा राहतो. घरातले सगळे सदा घाईत. जो येतो तो ‘थांबा हं’ म्हणून पळतो. व्हॅम्पायर थांबतो. उन्हानं जळू नये म्हणून छत्री उघडतो. तिसऱ्या भागापर्यंत त्या घरची मुलगी त्याच्या पसरलेल्या हातांवर ओल्या चादरी वाळत घालायला लागते.

जपानी कार्टून म्हणजे पोरासोरांचं काम, असं मी समजत आले होते. त्याला ॲनिमे म्हणतात हेही तेव्हाच कळलं. दुसरी बस येईपर्यंत मी ते पाहत बसले आणि घरी पोचेपर्यंत इअरफोन कानातून काढला नाही. पण एका जागी माझं हसू थांबलं होतं. संध्याकाळ आहे, घरात दिवे लागलेत, तिघं जेवायला बसलेत, भाताची वाफ दिसते. तो बाहेर उभा आहे आणि खिडकीतून पाहतो आहे. हे दृश्य मला ओळखीचं होतं. फक्त मी ते कायम आतून पाहिलं होतं.

आमचं घर पांढुर्ण्याच्या तिगावकडच्या अंगाला आहे. पुढं छपरी, मग थोडं अंगण, मग लोखंडी फाटक आणि फाटकाला टेकून एक सीताफळाचं झाड. या घरात माझी आई कुणालाही ‘जा’ म्हणत नाही. मी कामावर निघाले तर ‘ये’ म्हणते, हे सगळ्याच आया म्हणतात. पण आमची आई मांजरीलाही हाकलत नाही. मसाले विकायला आलेला माणूस तासभर बोलतो, तिला काही घ्यायचं नसतं, तरी ती त्याला वाटेला लावत नाही. एकदा एक लांबचे मामा दोन दिवस म्हणून आले आणि अख्खा हिवाळा राहिले. छपरीच्या कोपऱ्यात गांधीणमाशांनी पोळं केलं तेव्हा मी झाडू उचलला, तर आईनं माझा हात धरला. लोक म्हणतात, किती मायाळू बाई आहे. मायाळू वगैरे काही नाही. ती भिते.

पोळ्याच्या दिवशी आमच्याकडं दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. त्यांना मेढे म्हणतात. घरातली रोगराई, कटकट त्या मेढ्यांवर येऊन बसते अशी समजूत आहे. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत ते उचलून गावाच्या शिवेबाहेर टाकायचे आणि टाकताना मोठ्यानं ओरडायचं, ‘इडा पिडा घेऊन जाय गे मारबत! खोकला-पडसं घेऊन जाय गे मारबत!’ मारबत म्हणजे जे नको ते सगळं गोळा करून घेऊन जाणारी. एकदा तोंडं सुटली की मग लोक ढेकणं-मच्छरांपासून सासूपर्यंत कुणाचंही नाव घेतात. त्या सकाळी काहीही बोललेलं चालतं, सगळे हसतात.

मी चौथीत होते त्या वर्षी पोळ्याला आमच्या दारात बैल नव्हते. बाबांनी पोळ्याच्या आधीच कुणाला न विचारता जोडी विकून टाकली होती. आई शेजारच्यांच्या बैलांना ओवाळून आली आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे नाल्यापलीकडं मेढे टाकताना सगळ्या बाया ओरडत होत्या. आईनं आपला मेढा सगळ्यांत लांब फेकला आणि म्हणाली, “अन् आमच्या घरच्या मानसालेही घेऊन जाय गे मारबत!” बाया खो-खो हसल्या. बाबा अलीकडच्या काठावर दातून करत उभे होते, तेही हसले. मी आईचा पदर धरून होते, म्हणून मला माहीत आहे की आई हसली नव्हती.

त्याच आठवड्यात बाबा तिगावला शेत पाहून येतो म्हणून गेले आणि आले नाहीत. तिगावच्या स्टेशनवर बाकावर बसलेले कुणीतरी त्यांना पाहिलं होतं, एवढाच त्यांचा शेवटचा पत्ता. नागपूरकडची गाडी धरली की इटारसीकडची, हेसुद्धा कळलं नाही. बाकीच्यांनी नाना तर्क केले. आईनं एकच केला. “मीच धाडलं त्याले,” ती म्हणायची. “मारबतीनं नेलं.” पुढं काही वर्षांनी नातेवाइकांनी सांगितलं म्हणून ती पितृपक्षात त्यांच्या नावाचं पान ठेवायला लागली, पण कपाळावरचं कुंकू काढलं नाही. एकाच माणसासाठी दोन्ही कसं चालतं, असं मी मोठी झाल्यावर विचारलं. ती म्हणाली, “दोस माझा हाय, तर दोन्ही कराच लागते.”

मी तिला किती वेळा सांगितलं असेल! अवं आई, बैल आधी विकले होते, तू ओरडली नंतर. ज्याला राहायचं असते तो पोळ्याच्या तोंडावर बैल विकते काय? ती ऐकून घ्यायची आणि उठून दुसऱ्या कामाला लागायची. मला राग यायचा. आपल्या आईला कुणी खोट्या गुन्ह्यात अडकवावं आणि तिनंच रोज उठून आपल्याविरुद्ध साक्ष द्यावी, असं ते होतं.

लहानपणी माझं स्वतःचंही एक भूत होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. शिवेबाहेर टाकलेल्याला आपण होऊन आत येता येत नसेल, कुणीतरी बोलवावं लागत असेल, असं मी मनाशी ठरवलं होतं. संध्याकाळी दिवे लागले की फाटकाशी, सीताफळाच्या सावलीत, बाबा उभे दिसायचे. काही बोलायचे नाहीत. मी खिडकीतून पाहायचे. ‘या’ म्हणायचं धैर्य मला कधी झालं नाही. ते खरंच आले तर काय, याचं भय वाटायचं. कॉलेजला गेले तेव्हा हे आपोआप थांबलं.

ॲनिमे पाहायला लागल्यावर ते पुन्हा सुरू झालं. त्या बसच्या दिवसानंतर थोड्याच दिवसांत, संध्याकाळी फाटक उघडून आत आले, कडी लावायला वळले आणि झाडाखाली कुणीतरी आहे असं वाटलं. मी दवाखान्यात काम करणारी, स्वतः कमावणारी बाई. स्वतःला शिव्या घातल्या आणि आत आले. पण दुसऱ्या दिवशीही तो होता, तिसऱ्या दिवशीही. लहानपणी उभा राहायचा तो जवान होता. आता त्याचे केस पांढरे झाले होते. इतकी वर्षं तोही वाढत होता, याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

कुणालाही वाटेल की मग बाईनं ते पाहणं बंद करावं. मी उलट केलं. त्याला कुणी आत बोलावतं की नाही, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

इअरफोन बिघडला म्हणून एका संध्याकाळी मी फोन डब्याला टेकवून मोठ्यानं लावला. आई समोर मेथी निवडत होती. नागपूर-मुंबईला जाणाऱ्या संत्र्यांची प्रतवारी करायला ती मोसमात शेडवर जाते. दिवसभर फळं निवडूनही तिचे हात घरी स्वस्थ राहत नाहीत. थोडा वेळ तिनं न पाहिल्यासारखं केलं.

“हे काय पाहून राहिली वो?” ती म्हणाली.

“भूत हाय. रक्त पिते.”

“रक्त पिते? अजून चहा तरी भेटला का त्याले?” आई म्हणाली. “किती वेळचा उभा हाय बिचारा.”

मग ती सरकून जवळ आली. त्याचे सुळे पाहून तिनं दाताच्या डॉक्टरला दाखवायचा सल्ला दिला. त्याच्या अंगावर चादर वाळत घातली तेव्हा ती इतकी हसली की मेथी सांडली. आईला असं हसताना मी शेवटचं कधी पाहिलं होतं, मला आठवेना. व्हॅम्पायर हा शब्द तिच्या जिभेवर बसेना, तिनं त्याला छत्रीवाला करून टाकलं. मी घरात पाऊल टाकलं की विचारायची, “लावते काय छत्रीवाल्याचं?” मला खूप बरं वाटत होतं. आमच्या घरात एक भूत असं आलं होतं, ज्याच्यावर आम्ही दोघी हसत होतो.

मग एका भागाच्या मध्येच ती म्हणाली, “त्या बाईनं काही म्हटलं असन त्याले. तोंडातून काही वाईट गेलं असन. मनून त्याले येता येत नाई.”

“तिनं काही नाही म्हटलं!” मी ओरडलेच. “सगळे भाग पायले आपन. कुठी म्हटलं?”

“तुले काय माईत,” आई शांतपणे म्हणाली. “आपन पायला लागलो, त्याच्या अगोदरचं असन.”

शेवटच्या भागात बर्फ पडतो. छत्रीवर बर्फ साचलेला आहे आणि तो अजून दारातच उभा. पडदा काळा झाला, नावं वर सरकायला लागली. आई म्हणाली, “मंग?” मी म्हटलं, “संपलं.” “असं कसं संपलं? त्याले तसंच ठेवून लोक निंगून गेले?” ती मनापासून चिडली होती. पुढचे कित्येक दिवस संध्याकाळी आमच्यात कसला तरी रुसवा असल्यासारखं झालं. फाटकाशी मात्र रोज कुणीतरी असायचं.

शोधल्यावर कळलं की हे सगळं मुळात एका चित्रकथेवरून घेतलंय, मांगा म्हणतात तिला, आणि ती कथा पूर्ण झालेली आहे. इंग्रजी पुस्तकं मी दवाखान्याच्या पत्त्यावर मागवली. पहिलं पुस्तक हौसेनं उघडलं तर आत लिहिलेलं की तुम्ही उलट्या बाजूनं उघडलंय, परत फिरा. जपानी पुस्तक आपल्या शेवटच्या पानाकडून सुरू होतं आणि चित्रंही उजवीकडून डावीकडं वाचायची असतात. मला जमायला वेळ लागला. आईला काहीच वाटलं नाही, तिला अक्षरं वाचायचीच नव्हती.

रविवारी दुपारी छपरीत बसून मी तिला वाचून दाखवायचे. माझं इंग्रजी दवाखान्यापुरतं. अडेल तिथं अंदाजानं पुढं जायचे आणि सगळं आपल्या बोलीत सांगायचे. “काकू, मी आत येऊ काय जी?” असं आमचा व्हॅम्पायर विचारायचा. पण पुस्तक ॲनिमेसारखं नव्हतं. ॲनिमेत धडपड होती, गाणी होती, भांडी पडायची. पुस्तकात तेच प्रसंग गप्प होते. हसवून झालं की एखादं सबंध पान नुसत्या दाराचं, आणि खालच्या कोपऱ्यात छत्रीचं टोक. शब्द एकही नाही. अशा पानावर मी लगेच पुढं जायचे, आई हातानं थांबवायची. बोट न लावता ती ते दार पाहत राहायची आणि मी आमच्या फाटकाकडं पाठ करून बसायचे.

शेवटचं पुस्तक मी सौंसरहून येताना बसमध्येच वाचून काढलं. आम्ही दोघींनी बरोबर वाचायचं ठरलं होतं, पण राहवलं नाही. त्यात वर्षं उलटली आहेत. त्या घरची आई म्हातारी झाली आहे. ती काठी टेकत दारात येते आणि व्हॅम्पायरची माफी मागते. म्हणते, इतकी वर्षं तुम्ही उभे राहिलात आणि आमच्यापैकी कुणी तुम्हाला आत बोलावलं नाही, मला क्षमा करा. तो गोंधळतो. म्हणतो, पण तुम्ही तर पहिल्याच दिवशी बोलावलं होतं. मग कथेचं पहिलं पान पुन्हा छापलेलं. खरंच, वरच्या कोपऱ्यात स्वयंपाकघराच्या बाजूनं बोलण्याचा एक बारीकसा फुगा आहे, त्यात लिहिलंय, ‘आत या ना!’ आम्ही दोघींनी तो पाहिला नव्हता. ॲनिमेवाल्यांनी तो घेतलाच नव्हता. मग आला का नाहीत, असं म्हातारी विचारते. व्हॅम्पायर छत्री फिरवत म्हणतो, “मला बाहेरच बरं वाटत होतं.” आणि घरातले सगळे धाडकन आडवे पडतात. हा त्या कथेचा शेवटचा विनोद होता.

मला हसू आलं नाही, आनंदानं रडू आलं. मी इतकी वर्षं घसा कोरडा करून आईला जे सांगत होते, ते इथं हा छत्रीवाला सांगत होता. माझं तिनं ऐकलं नाही, याचं ऐकेल. त्याच्यावर तिचा जीव होता. आई सुटेल, असं मला वाटलं. मी रविवारची वाट पाहिली.

रविवारी मी फार छान वाचलं. म्हातारीचा आवाज काढला, त्याचाही काढला. बाहेरच बरं वाटत होतं, हे वाक्य म्हणून मी आईकडं पाहिलं. ती हसली नाही.

“पुना वाच,” ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. तिनं पुस्तक आपल्याकडं ओढलं आणि विचारलं, “कोनतं ते, आत या म्हटलेलं?” मी दाखवलं. तिनं त्या बारीक फुग्यावर बोट ठेवलं.

“म्हंजे तिचा काही दोस नव्हता.”

“नव्हता, आई. हेच तर सांगून राहिली मी,” मी म्हणाले. “तुह्या ओरडण्यानं बाबा नाही गेले. कोनती मारबत अन् काय! त्याइले जायचंच होतं. बैल इकले तेव्हाच ठरलं होतं त्याइचं. तुह्या हातात काही नव्हतं.”

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरेल, ती रडेल, मला जवळ घेईल, असं सगळं मी बसमध्ये ठरवून ठेवलं होतं. तसं काही झालं नाही. तिचा चेहरा कुणीतरी फसवल्यासारखा झाला.

“मंग तो मेला नसन,” ती म्हणाली.

मी पुस्तक मिटलं.

“कुठीतरी असन,” आई म्हणाली. “आतासुदिक असन. जेवून गिवून पडला असन. कोनीतरी वाढलं असन त्याले.”

तेव्हा मला कळलं की मी काय केलं. तिचा दोष होता तोवर तो माणूस तिचा होता. तिनं धाडला म्हणून गेला, तिच्या शब्दानं गेला, म्हणजे जाण्यातही ती होती. मी तिला निर्दोष करून दाखवलं आणि तिच्या हाती काही उरलं नाही. नुसता एक नवरा, ज्याला दुसरीकडं बरं वाटत होतं. मला फार वाईट वाटलं, आणि तिला परत दोषी कसं करावं हे सुचेना.

आई म्हणाली, “तुले दिसला तर वळखू येईन काय तो?”

घरात त्यांचा लग्नातला एकच फोटो आहे. त्यात बाशिंगानं अर्धं तोंड झाकलंय आणि उरलेलं ऊन लागल्यानं मिचकावलेलं. चौथीतली आठवण म्हणून मी जे धरून होते, ते फाटकाशी उभं राहणारं कुणीतरी होतं. त्याचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. सावलीत असायचा.

“हाव, येईन,” मी म्हणाले.

आईनं मान हलवली आणि मेथी घ्यायला आत गेली. तेव्हापासून सौंसरच्या बसमध्ये कुणी म्हातारा शेजारी येऊन बसला की मी त्याच्याकडं पाहते. त्यानं माझ्याकडं पाहिलं की खिडकीबाहेर पाहायला लागते.